वहीतला फील

जलीलभाईंनी काळा उंट उचलला, तसं उत्तरेश्वरनं त्यांचं मनगटच धरलं.

"उंट न्हाई, जलीलभाई. हत्ती. वहीत बघा की."

परळी स्टेशनाजवळच्या जलीलभाईंच्या घड्याळाच्या दुकानात काउंटरवर पट मांडला होता. शेजारी उत्तरेश्वरच्या वडिलांची वही, आज पहिल्यांदाच घराबाहेर आलेली. दादा, म्हणजे पंडितराव, जाऊन वीस वर्षं झाली, पण काळ्या मोहऱ्यांचा त्यांचा बचाव त्या वहीत होता. राजा किल्ल्यात नेईपर्यंतच्या पहिल्या नऊ चाली सगळ्यांना ठाऊक म्हणून त्यांनी लिहिल्याच नव्हत्या. दहावी तेवढी लिहिली होती: "फील राजाच्या रिकाम्या घरात. इथून काळा बेफिकीर."

उत्तरेश्वरनं हा बचाव आपल्या पोरीला, करिष्माला, ती सात वर्षांची असताना शिकवला. पोरगी तल्लख. पांढरी मोहरी हातात आली की भल्याभल्यांना रडवायची. पण एकोणीस वर्षांखालच्या जिल्हा निवडीत ओळीनं तीन वर्षं शेवटच्या डावात तिच्या वाट्याला काळीच आली, आणि तिन्ही वर्षं ती हरली. हत्ती राजाच्या घरात सरकला की दोन चालींत पांढरा घोडा आत घुसायचा, राजाच्या बगलेतलं प्यादं पडायचं आणि खेळ खल्लास! परवाच्या रविवारी तिसरी आणि शेवटची संधी होती, तीही गेली. आता वयात बसत नाही. बीडच्या त्या हॉलमध्ये उत्तरेश्वर तिच्यावर चारचौघांत ओरडला होता, "डोस्क्यात भुसा भरलाय का गं तुज्या?" ती खाली मान घालून मोहरी डब्यात भरत राहिली होती.

आज तो तिची चूक शोधायला बसला होता. काळ्यानं कुठं सुधारायचं? अकरावी चाल बदलून झाली, बारावी बदलून झाली. दहावीला हात लावायचं त्याच्या मनातही आलं नाही. मोबाईलमध्ये डाव घालून बघ, असं कुणी म्हटलं की तो भडकायचा. दादांच्या चालीला मोबाईल शिकवणार होय!

जलीलभाईंनी मनगट सोडवून घेतलं.

"फील म्हणजे उंटच रे बाबा."

"काय बी बोलू नका. फील म्हणजे हत्ती. फीलखान्यात काय उंट बांधायचे का?"

"ते बाहेर. पटावर आमच्यात फील म्हणजे तुमचा उंट. हत्तीला आमी रुख म्हणतो. तुझे दादा निजामाच्या शाळेत उर्दू शिकले, खेळ माझ्या अब्बांकडून शिकले. ते दुसरं काय लिहिणार?"

त्यांनी उंट राजाच्या घरात ठेवला. हत्ती जागेवरच राहिला. उत्तरेश्वरनं तावातावानं पांढरी मोहरी आपल्याकडं घेतली आणि घोडा आत घातला. प्याद्यावर आता हत्तीचाही पहारा होता आणि उंटाचाही. त्यानं वजीर आणला, तरी प्यादं पडेना. पट पुन्हा मांडला, दुसऱ्या बाजूनं आला. पाच वेळा आला आणि पाचही वेळा मार खाऊन परतला.

"वाह रे पंडित!" जलीलभाई खुशीत आले. "बेफिकीर म्हणजे अगदी बेफिकीर!"

बारा वर्षं आपण पोरीला हरायला शिकवत होतो, हे उत्तरेश्वरला त्या एका उंटाकडं बघता बघता कळलं. लाज वाटली, रडूही आलं. वही काखेत मारून तो तसाच उठला. जलीलभाई चहा सांगत होते, त्यांना त्यानं हातानंच नको म्हटलं.

करिष्मा अंगणात दोरीवरचे कपडे झटकून काढत होती. दुपारी वारा फिरला होता आणि औष्णिक वीज केंद्राची राख सगळ्या कपड्यांवर बसली होती. तो फाटकातच थांबला.

"पोरी, दहाव्या चालीला हत्ती न्हवता गं. उंट होता. म्या वही चुकीची वाचली."

"ठावं हाय मला, आप्पा."

तिनं पांढरा सदरा दोनदा झटकला.

"ठावं हाय? कवापासनं?"

"सातवीत होते तवापासनं. मोबाईलात दोन्ही चाली घालून बघितल्या व्हत्या."

"मग खेळलीस कावून न्हाई?" त्याचा आवाज नको तेवढा चढला. "तीन वर्षं! कावून न्हाई खेळलीस?"

करिष्मानं सदरा खांद्यावर टाकला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

"तुमी पयल्या रांगेत बसायचे. दहावी चाल आली की आजोबांचं नाव घेऊन, डोळे मिटून हात जोडायचे. दर साली माजा हात उंटाकडंच गेलता, आप्पा. तुमच्याकडं बघितलं की हत्तीवर यायचा."

उत्तरेश्वर पायरीवर येऊन बसला. चुकलो म्हणावं, तर त्यानं रविवार परत येणार नव्हता. पोरीची तीन वर्षंही येणार नव्हती.

"आता काय करू गं मी?"

"काय करणार?" तिनं उरलेले कपडे गोळा केले. "हात धुवा. भाकर निवून चाललीय."