दोन्ही टाचा

नवरा जाऊन तीन महिने झाले तरी मला धड रडू आलं नव्हतं. लोक म्हणत, बाईनं मन घट्ट केलंय. घट्ट कसलं, बधिर झालं होतं. दर रविवारी तो मोटारसायकल घेऊन डोंगरातल्या दगडी पायवाटेनं एकटाच जायचा. मी येते म्हटलं की म्हणायचा, "थांब जरा, बघू." बारा वर्षं बघतच राहिला आणि एका बुधवारी ऑफिसात बसल्या बसल्या गेला.

ती वाट एकदा त्याच्याच गाडीवरून स्वतः चढायची आणि मग गाडी विकून टाकायची, असं मी ठरवलं. दिरानं गाडी टेम्पोत घातली आणि आम्ही टायरवाल्याकडे गेलो.

"मोठे टायर हवेत," मी म्हणाले. "दगडांवर चालतील असे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोठा टायर दगडाला जुमानत नाही, ताई. पण गाडी इंचभर उंच होते. दगडी वाटेला माणसाच्या चालीनं जायचं असतं. तोल गेला की पाय टेकायलाच हवा. तुमचा पोचणार नाही, आडव्या व्हाल."

"वहिनी, राहू दे ना," दीर पुटपुटला.

"टेम्पो उघड," मी म्हणाले.

गाडी दिसली तसा टायरवाल्यानं ती ओळखली. आत जाऊन कागदात गुंडाळलेली सीट घेऊन आला. "साहेबांनीच मोठे टायर सांगितले होते. ही दुसरी सीट आणून दीड इंच तासून घेतली. टायर येईपर्यंत घरी बोलू नका म्हणाले. मग आलेच नाहीत."

कागदावर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एकाहत्तर सेंटिमीटर. बूट घालून.'

मला स्वयंपाकघराचं दार आठवलं. त्यानं मला बूट घालून चौकटीला उभं केलं होतं आणि गुडघ्यावर बसून माझ्या पायाचं माप पेन्सिलीनं लाकडावर मांडलं होतं. "शिंप्याचा धंदा कधी काढलास?" म्हणून मी खेकसले होते. दुसऱ्या दिवशी मीच ती रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकली होती.

टायर बसले, सीट बसली. मी गाडीवर बसले. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.

"वहिनी, टेकले की पाय!" दीर ओरडला.

आता तरी रडू येईल असं वाटलं. आलं नाही. राग मात्र आला, तोही नवऱ्यावरच. एका शब्दानं सांगितलं असतंस, तर मी ती रेघ पुसली नसती रे.