ब्लाइंड्स उतरवले तेव्हा

खिडक्यांचे ब्लाइंड्स काढायची टूम त्यानेच काढली. नाश्त्याला बसला असताना त्याचा हात कपाला लागला, चहा सांडला, आणि तो म्हणाला, या घरात उजेडच नाही. खिडक्यांवर ही झापडं लावून ठेवल्यावर माणसाला दिसणार तरी कसं? ब्लाइंड्स त्यानेच लावले होते, डोळ्यांना ऊन सोसेनासं झालं तेव्हा. पण त्याची बायको हे बोलली नाही. पट्ट्या सकाळपासून उघड्याच होत्या, हेही बोलली नाही. फडकं आणून तिने चहा पुसला.

तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि हा खिडकीपाशी बसून माणसाच्या उरलेल्या दातांशी नव्या दातांचा रंग जुळवायचा. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते त्याला विचारावं. मग एका बाईंची कवळी परत आली, पाठोपाठ आणखी कुणाची. पुढचे दात पिवळट, मागचे निळसर. लॅबच्या मालकाने त्याला साचे धुवायला बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेलाच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. नस सुकत चाललीय, गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही जाईल. दोघं शेजारी शेजारी बसून ऐकत होती, पण तिला ऐकू आलं ते त्याला ऐकू आलं नसावं.

सुट्टीच्या दिवशी तिने धाकट्या भावाला बोलावलं. भाऊ बस चालवतो. मनाने चांगला, कामाला धसमुसळा. आल्या आल्या तो खुर्चीवर चढून ब्लाइंड ओढायला निघाला, तर याने त्याला खाली उतरवलं आणि शेजाऱ्यांची शिडी आणायला लावली. शिडी नीट उघडली आहे ना, चारही पाय जमिनीला टेकलेत ना, हे त्याने स्वतः वाकून हातांनी चाचपलं. काच फुटायला नको म्हणून खिडकीजवळचा आरसा हलवायला सांगितला. मग शिडीला घट्ट धरून उभा राहिला आणि तोंडाने काम चालवू लागला. आधी पट्ट्या पार वरपर्यंत गोळा कर. दोरी लोंबती ठेवू नकोस, गुंडाळून बांध, नाहीतर पायात अडकून तोंडावर आपटशील. आता वरच्या पेटीच्या दोन्ही टोकांना खटके आहेत, ते पेचकसने अलगद उचल. एक हात पेटीखाली असू दे, सुटली की डोक्यावरच येते.

खटका गंजला होता. भाऊ हिसके द्यायला लागला.

"ओढू नकोस रे," तो म्हणाला. "कवळी काढतात तशी काढ. आधी जरा हलव, हवा आत जाऊ दे, मग ती आपणहून सुटते."

खटका सुटला. भाऊ हसला, तोही हसला. घरात हा आवाज आहे हे ती विसरून गेली होती. पहिला ब्लाइंड त्याने हात वर करून स्वतः झेलला, पोराला घ्यावं तसा, आणि पलंगावर नेऊन ठेवला. दुसरा सहज निघाला. तिसराही. कुणाला खरचटलं नाही, धुळीने भावाला तेवढ्या शिंका आल्या.

खिडक्या मोकळ्या झाल्या आणि ऊन सरळ आत आलं. तिचे डोळे दिपले. भिंतीवरचे डाग, पंख्यावरची जळमटं, सगळं उघडं पडलं. तो शिडीशेजारी खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि वाट बघत होता.

"ढग आलेत का?" त्याने विचारलं.

तिने भावाकडे पाहिलं. भाऊच घाईघाईने म्हणाला, "हो भावजी. आभाळ अगदी भरून आलंय."

त्याने हात पुढे केला, पंजा उताणा, आणि तसाच धरून ठेवला. उन्हाची ऊब तळहाताला लागत असणारच. मग त्याने दुसऱ्या हाताने तो तळहात चोळला आणि भावाला म्हणाला, "चहा घेऊन जा हं. खूप काम केलंस."

भाऊ चहा न घेताच गेला. जिन्यापर्यंत तिच्याशी नजर भिडवली नाही त्याने.

ती परत आली तेव्हा तो खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता.

"खरं सांग. ऊन आहे ना?"

"आहे."

"कुठपर्यंत आलंय?"

"तुमच्या गुडघ्यापर्यंत."

त्याने गुडघ्यावर हात ठेवला. ती जवळ जाऊन उभी राहिली. त्याने तिला जवळ ओढलं नाही, दूरही सारलं नाही.

त्यानंतर त्याने उजेडाचं नाव काढलं नाही. कुणी दिवा लावो न लावो, त्याला फरक पडेनासा झाला. रोज सकाळी तो त्या खुर्चीवर जाऊन बसायचा. ब्लाइंड्स तिने धुऊन पुसून शेजारणीला देऊन टाकले. आठवडाभराने खाली फाटकाशी समोरच्या इमारतीतले आजोबा भेटले. जरा घुश्शातच होते. म्हणाले, तुमचे यजमान रोज माझ्याकडे बघत बसतात, मी हात करतो तर साधी मान हलवत नाहीत, एवढा कसला ताठा? तिला सांगता आलं असतं. पिशवी जड आहे असं म्हणून ती वर निघून आली.

घरी आल्यावर मात्र तिने त्याला सांगितलं. त्याने विचार केला. "कुठल्या बाजूला बसतात ते?" तिने त्याचं मनगट धरून दिशा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि खुर्चीवर बसून हात वर केला. बरोबर त्या दिशेला. थोडा वेळ हात तसाच धरून त्याने विचारलं, "केला का त्यांनी?"

समोरच्या खिडकीवर जाड पडदा ओढलेला होता. ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "आज खिडकी बंद आहे त्यांची."

"उद्या उघडतील," तो म्हणाला, पण आशा वाटल्यासारखं नाही, उगाच आपलं बोलायचं म्हणून. हात त्याने खाली घेतला. ती आत गेली, आणि तिने भात टाकला.