हळद लागलेला डबल बेस

मी वॉल्टर पिंकनीचा डबल बेस बोलतोय. नाव ऐकून दचकू नका, बोईसरच्या आमच्या सोसायटीत मला या नावाने कुणीच ओळखत नाही. वॉचमन मला 'बडा गिटार' म्हणतो आणि तळमजल्यावरच्या स्वातीताई 'अडगळ' म्हणतात.

माझा जन्म शिकागोचा. माणसाहून उंच, पोट सुटलेला, चार जाड तारांचा. वॉल्टरने विशीत मला घरी आणलं आणि आमची थोर कारकीर्द सुरू झाली. थोर म्हणजे काय, तर जॅझच्या बँडमध्ये आम्ही पन्नास वर्षं मागे उभे राहिलो! पुढे गायिका, तिला फुलं. शेजारी ट्रम्पेटवाला, त्याला शिट्ट्या. आमची एकट्याने वाजवायची पाळी आली, की रसिक मंडळी निवांत होऊन बिल मागवत. एका रेकॉर्डच्या वेष्टणावर वॉल्टरचं कोपर छापून आलं. त्याने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

माणूस भला, पण माझ्या बाबतीत भारी सोवळा. मला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. बायकोलाही कधी माझ्यावर फडकं फिरवू दिलं नाही. ती बिचारी तशीच गेली.

मुलगा सातपाटीच्या मेघालीशी लग्न करून तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आला. एकट्या म्हाताऱ्याला मागे कुठे ठेवायचं, म्हणून वॉल्टर आला आणि त्याच्या मागोमाग मी. संधिवाताने त्याची बोटं वाकू लागली होती. "ती पुरती आखडायच्या आत एकदा तरी कळू दे, की मला कुणी ऐकतं," असं तो मला म्हणायचा. मी काय बोलणार? त्याने वाजवल्याशिवाय मला तोंडच नाही.

मेघालीच्या बहिणीची, प्रियंकाची, हळद होती. वॉल्टरने मला गादीत गुंडाळून टेम्पोतून सातपाटीला नेलं. मांडवाशेजारीच बोंबील वाळत होते. तो वास माझ्या पोटात शिरला तो आजतागायत मुक्कामाला आहे.

बेंजो पार्टीच्या कमलेशने आम्हाला एकदा खालून वर न्याहाळलं.

"काका, तुमी मागं रावा. स्पीकरच्या मागं."

पन्नास वर्षांचा अनुभव असा कामी आला. स्पीकर इतके दणाणले, की वॉल्टर वाजवतोय हे मलासुद्धा ऐकू येईना.

मग हळद लावायची वेळ झाली आणि स्पीकर बंद झाले. तिथे लग्नाचे विधी धवलारीण गाण्यातून पार पाडते, आणि तिचा धवला चालू असताना दुसरं काही वाजत नाही. इथली धवलारीण मंदाआजी, तिने खणखणीत आवाज लावला. वॉल्टरला हा रिवाज कोण सांगणार? गाणारी बाई पुढे दिसली, त्याने सवयीने मागून हळूच सूर धरला. कमलेशने डोळे वटारले. आजी मात्र गातच राहिली.

थोड्या वेळाने वॉल्टरची बोटं वळली. तो थांबला.

गाणंही थांबलं. आजी मागे वळली. अहो, आमच्याकडे कुणी मागे वळून बघितलं!

"का रं बाबा, थांबलास का? तू थांबलास न् माजे पाय जमिनीवरून सुटले."

मेघालीने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. वॉल्टर भर मांडवात रडला. मग उरलेल्या दोन धड बोटांनी त्याने धवला शेवटापर्यंत नेला.

नंतर आजीने हळदीने भरलेला पंजा थेट माझ्या पोटावर उमटवला. "मांडवात आला तो कोरडा रावाचा नाय." माझ्या तारा ताठ झाल्या. आता वॉल्टर आकाशपाताळ एक करणार! त्याने तर स्वतःचा गाल पुढे केला.

आता त्याची बोटं मिटली आहेत. मी हॉलच्या कोपऱ्यात उभा असतो आणि माझ्या मानेवर टॉवेल वाळतात. कामवाल्या तानीबाई माझ्या पोटावरचा तो पंजा पुसायला फडकं घेऊन आल्या, की वॉल्टर खुर्चीतून ओरडतो, "हळद नाय! हळद नाय!" एवढंच मराठी त्याला येतं.

रसिकहो, गाणाऱ्यांना खुशाल टाळ्या द्या, पण एखादी नजर मागेही टाका. सातपाटीत अजून हळदी होतात. धवला सुरू करण्याआधी मंदाआजी एकदा मागे वळून बघते, असं मेघाली सांगते. मागे कुणी नसतं. आजी क्षणभर थांबते आणि मग एकटीच गायला लागते.