उजवा स्पीकर

मुलीचा रविवारचा फोन बंद झाला आणि चौथ्या रविवारी मी स्पीकर विकत घेतले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं होतं. पण दुपारी चार ते पाच हा तास रिकामा पडला होता. त्या तासात घर इतकं गप्प बसायचं की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकायचो. कशाने तरी तो भरायला हवा होता.

फोन का बंद झाला ते आधी सांगतो. बायको होती तोवर फोन तिचा होता. मायलेकी तासभर बोलत आणि शेवटी "घ्या, बोला" म्हणून माझ्या वाट्याला दोन मिनिटं येत. ती गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पूर्ण तास माझा झाला. छोटी ग्रंथालयात काम करते, म्हणजे हळू बोलणं हा तिचा धंदाच. चाळिशी उलटली तरी मी तिला छोटीच म्हणतो. गेल्या वर्षभरात तिचं बोलणं फारच पुटपुटल्यासारखं झालं होतं. मधेच आवाज चढवायची, मधेच पुन्हा तोंडातल्या तोंडात. मला वाटलं, बापाला कंटाळली, उरकायचं म्हणून फोन करते. शेवटच्या रविवारी ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. त्यातलं मला काही धड कळलं नाही. पोटच्या पोरीला तीनतीनदा "काय?" विचारायला मला कमीपणा वाटतो, म्हणून मी नेहमीसारखं "बरं, बघू पुढे" म्हटलं. ती एकदम गप्प झाली. मग माझा पारा चढला. म्हटलं, "असं बळेबळे बोलायचं असेल तर फोन तरी कशाला करतेस?" तिने एक शब्द न बोलता फोन ठेवला. पुढच्या रविवारी तो वाजला नाही. मीही केला नाही. चूक तिची, मग मी का नमतं घेऊ?

तर स्पीकर. माझं अडतीस वर्षं चष्म्यांचं दुकान होतं, दोन वर्षांपूर्वी विकलं. भिंगाचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोरून दोन मिलिमीटर जरी सरकला तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं, त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. स्पीकरांबरोबर एक कागद आला होता. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची, तिघांमधलं अंतर सारखं हवं. स्पीकरचा वरचा भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, भिंतीपासून हातभर पुढे, आणि दोघांची तोंडं जराशी खुर्चीकडे वळलेली. एवढं जमलं की गाणारा माणूस दोन स्पीकरांच्या बरोबर मधे उभा असल्यासारखा ऐकू येतो, जिथे खरं तर काहीच नसतं. हे मला फार आवडलं. रिकाम्या जागी कुणीतरी उभं राहणार होतं.

मी टेप घेऊन जमीन मोजली, चिकटपट्ट्या लावून खुणा केल्या, दोन मीटर दहा, दोन मीटर दहा, दोन मीटर दहा. खुर्चीत बसलो आणि तपासणीची तबकडी लावली. त्यात एक गृहस्थ खणखणीत आवाजात म्हणतात, "हा डावा स्पीकर." मग म्हणतात, "हा उजवा स्पीकर." डावीकडून ते माझ्यासमोर उभे राहून बोलले. उजवीकडून बोलले ते दाराआडून. मग एका बाईंचं गाणं लावलं, साथीला फक्त पियानो. बाई मधे आल्याच नाहीत. डावीकडच्या कपाटाला टेकून गायल्या.

मी दुकानदाराला फोन केला. तोही पुटपुटतच बोलत होता, हल्ली सगळ्यांनाच ती खोड लागली आहे. पण दुकानदाराला तीनदा विचारायला मला लाज वाटत नाही. त्याचं म्हणणं असं, की स्पीकरांची अदलाबदल करा, वायरींचीही करा. कमकुवतपणा त्यांच्याबरोबर डावीकडे गेला तर दोष आमचा, मी माणूस पाठवतो. उजवीकडेच राहिला तर दोष खोलीचा. मी सगळं बदलून पाहिलं. कमकुवतपणा उजवीकडेच ठाण मांडून बसला. म्हणजे खोली.

मग मी खोलीच्या मागे हात धुऊन लागलो. उजवीकडचा जाड पडदा आवाज पितो असं ठरवलं आणि काढून टाकला. फरक पडला नाही. पुस्तकांची मांडणी छोटीच्या खोलीत ढकलली. डाव्या भिंतीची काच आवाज परत फेकत असेल म्हणून तिच्यावर रजई टांगली. सतरंजी उजवीकडून डावीकडे, दिवा डावीकडून उजवीकडे. बिनपडद्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीला माझा संसार दिसायला लागला आणि छोटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दुकानात येणारी म्हातारी मंडळी मला सांगायची, "डोळे उत्तम आहेत हो, हल्ली वर्तमानपत्रवालेच अक्षर बारीक करतात." मी मान डोलवायचो, भिंग लावायचो आणि विचारायचो, "आता बघा बरं, वर्तमानपत्र सुधारलं का?" हे लिहिताना मला माझंच हसू येतंय. रजई टांगताना आलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी ॲम्प्लिफायरवरचं बॅलन्सचं बटण लक्षात आलं. डावीकडचा आवाज कमी करून उजवीकडचा वाढवायचं. ते मी फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणि जवळजवळ टोकाला गेल्यावर बाई कपाट सोडून सरकत सरकत मधोमध आल्या. मी खुर्चीतून उठलोच नाही. तबकडी संपली की पुन्हा लावायची. पुढचे तीन रविवार चार ते पाच मी त्यांच्यासमोर बसून काढले. फोन माझ्या उजव्या हाताशी असायचा. तो वाजला नाही, पण निदान ते ऐकत बसावं लागलं नाही.

तिसऱ्या रविवारी साडेचारला दाराची घंटा वाजली. छोटी असेल, असं मला खरोखर वाटलं. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई.

"काका, तुमचं त्या एका बाजूचं जरा कमी करता का?" त्या म्हणाल्या. "मी बरोबर खाली पेपर तपासत बसते. टेबलावरची पेनं चालायला लागलीत."

"एका बाजूचं म्हणजे? दोन्ही सारखे आहेत. मोजून ठेवलेत."

"मोजले असतील हो. पण येतं सगळं उजवीकडून."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भूगोल शिकवणाऱ्या बाईने मला उजवं-डावं सांगावं? मी त्यांना आत बोलावलं आणि थेट खुर्चीत बसवलं. ती खुर्ची तिथे ठेवल्यापासून तीत माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं, हे त्या बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

"आता सांगा, बाई कुठे उभ्या आहेत?"

"कुठल्या बाई?"

"गाणाऱ्या."

शिक्षिकेला सूचना पटकन कळते. त्यांनी डोळे मिटले आणि क्षणाचाही विचार न करता बोट उजवीकडे केलं. "त्या तिथे. बिचारीला कोपऱ्यात उभं केलंय, वर्गात बोलली म्हणून."

मला वाटलं, थट्टा करतात. मी बटणाकडे गेलो, त्यांना माझा हात दिसणार नाही असा उभा राहिलो आणि ते मध्यावर आणलं. माझ्या लेखी गाणारी बाई लगेच कपाटाशी जाऊन उभी राहिली. तोंडातून दुकानातला प्रश्न आपोआप निघाला. "आता बरं, की आधी बरं होतं?"

"आता बरं. आता समोर आल्या."

बटण पुन्हा उजवीकडे. "आणि आता?"

"परत कोपऱ्यात."

असं मी चार वेळा केलं, कधी फिरवून, कधी नुसतं फिरवल्यासारखं करून. पाटीवरची अक्षरं पाठ करून येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी असंच पकडायचो. बाई एकदाही चुकल्या नाहीत.

त्यांनी डोळे उघडले. "तुम्हाला कुठे ऐकू येतात त्या, काका?"

"मधेच," मी म्हटलं.

माझ्या तपासणीच्या खुर्चीत बसून अडतीस वर्षं लोक खोटं बोलले. ते कसं ऐकू येतं हे मला माहीत आहे. बाईंनाही माहीत असावं, वर्गभर पोरं रोज तेच करतात. त्या उठल्या. दारात चप्पल घालताना माझ्या उजव्या बाजूने काहीतरी म्हणाल्या, मी "हो हो" केलं. त्या थांबल्या, माझ्या मागून डाव्या बाजूला आल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या. "म्हटलं, पुन्हा ऐकून सांगायला कुणी हवं असलं तर हाक मारा. मी खालीच असते." मग त्या जिना उतरल्या.

दुकानात सगळ्यात आधी गिऱ्हाइकाला एक डोळा झाकायला सांगायचं असतं. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याचं ओझं वाहतो आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. हे मी हजारो लोकांना समजावलं आहे. मी खुर्चीत बसलो, गाणं लावलं आणि डाव्या कानावर तळहात घट्ट दाबला. गाणं गेलं. अगदीच गेलं नाही, दोन घरं पलीकडे कुणी लावलं असावं इतकं उरलं. हात काढला की आलं. झाकला की गेलं. मला भीती वाटली. घरात सांगायला कुणी नाही याची इतकी भीती मला बायको गेल्यावरही वाटली नव्हती. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. फोन मी उजव्या हाताने उचलतो. उजव्याच कानाला लावतो. जन्मभर लावत आलो आहे.

मी फोन उचलला आणि डाव्या कानाला लावला. हाताला ते वळण नव्हतं, कोपर कुठे ठेवावं कळेना. सहाव्या घंटीला छोटीने घेतला.

"बाबा? बरे आहात ना? ऐकू येतंय का?" ती इतक्या मोठ्याने बोलली की मी फोन कानापासून लांब धरला.

"अगं, ओरडू नकोस."

"ओरडले नाही तर तुम्हाला ऐकू येत नाही!" आवाज तेवढाच. "पोरगा विचारायचा मला, आई, तू आजोबांशी दर रविवारी का भांडतेस?"

मी तिला एका दमात सगळं सांगितलं. स्पीकर, पडदा, रजई, भूगोलाच्या बाई, कान. म्हटलं, "तू पुटपुटत नव्हतीस. माझंच चुकलं. शेवटच्या वेळी तू काय सांगत होतीस, ते मला ऐकूच आलं नव्हतं."

पलीकडे इतकी शांतता झाली की मला डाव्या कानाचीही शंका आली.

"काहीच नाही?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"बघू पुढे, म्हणालात."

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो."

मग ती हळू बोलायला लागली. वर्षभरात तिचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. तो थकलेला होता. "मी विचारलं होतं, की मी आणि पोरगा तुमच्याकडे राहायला येऊ का. त्या घरातलं सगळं मोडलं होतं. हे पलीकडच्या खोलीत बसले होते, म्हणून मी हळू बोलले. दोनदा विचारलं मी. ते ओरडून विचारण्यासारखं नव्हतं, बाबा."

मी म्हटलं, "ये. आजच्या आज ये. खोली तुझीच आहे, जरा सामान झालंय तिच्यात, ते मी हलवतो. पोराला पण…"

"आता नको. ग्रंथालयाच्या मागे दोन खोल्या मिळाल्या. त्याची शाळा पण बदलली. महिना झाला, रुळलाय तो आता."

महिना झाला. म्हणजे मी इथे पडदे काढून, मांडणी ढकलून एका परक्या बाईला मधोमध उभं करत होतो, त्याच दिवसांत माझी मुलगी एकटीने सामान बांधून पोराला घेऊन घराबाहेर पडली होती.

"पुढच्या रविवारी मी येतो तिकडे," मी म्हटलं.

"या ना," ती पुन्हा मोठ्याने म्हणाली. "जागा लहान आहे, पण या."

मग तिने अगदी खालच्या आवाजात म्हटलं, "तेव्हा ये म्हणाला असतात तर." ते मला सांगण्यासाठी नव्हतं. मला ऐकू येणार नाही या खात्रीने ती वर्षभर असं कितीतरी बोलून घेत असणार. आज मला शब्द न् शब्द ऐकू आला, आणि तो आला हे तिला सांगायचं मला धैर्य झालं नाही.