बारांतली नववी

मी बारा खुर्च्यांमधली नववी बोलतेय. सावकाश बोलते, कारण माझा मागचा डावा पाय सांध्यातून हलतो आणि आता मला कशाचीच घाई नाही.

इंग्लंडमधल्या एका जमीनदाराच्या हवेलीसाठी आम्हा बारा जणींना एकाच सुताराने घडवलं. पाठीवर गव्हाच्या लोंब्या कोरल्या आणि बैठकीखाली पटाशीने एक ते बारा आकडे घातले. शंभर वर्षं आम्ही तिथल्या जेवणघरात भिंतीला पाठ लावून उभ्या होतो. पाहुणे आले तरच कोणी बसे, एरवी अंगावर पांढरी चादर. पुढे त्या घराण्याला उतरती कळा लागली. कुणीतरी प्रत्येकीखाली हवेलीच्या नावाचा कागद डकवला आणि आम्हाला बोटीत चढवलं. अमेरिकेच्या बंदरावर आमची ताटातूट झाली. त्या दिवसापासून मला एकच आस होती, त्या अकराजणींत परत जाऊन उभं राहायची.

बऱ्याच घरांतून फिरून एकोणीसशे एक्याऐंशी साली मी पिस्कॅटवे गावात जुन्या सामानाच्या एका गराज सेलमध्ये येऊन पडले. तिथून विष्णू साठे मला घरी घेऊन आले. हा माणूस माझ्यावर चक्क मांडी घालून बसायचा! मांडीवर वरणभाताचं ताट, समोर टीव्ही. मी कुरकुरायचे. त्यांना वाटायचं, लाकूड वाजतंय.

त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला घरोघरच्या खुर्च्या मागवल्या. आदल्या वर्षी साठ्यांचा कुकर तिथे बदलला गेला होता, त्याचा राग होताच. विष्णूरावांनी मला उलटी केली, तो जुनाट कागद सुरीने खरवडला, पॉलिश पेपरने जागा घासली आणि काळ्या ऑइलपेंटने ठसठशीत लिहिलं, वि. ग. साठे. माझं सगळं कूळ केराच्या टोपलीत गेलं. ह्याबद्दल मी त्यांना कधीच माफ करणार नव्हते.

मात्र दर गणपतीत मी मंडळाच्या हॉलवर जायचे आणि त्या नावामुळे बिनचूक घरी यायचे.

गेल्या हिवाळ्यात विष्णूराव गेले. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई एकट्या राहिल्या, आणि मी.

परवा त्यांना भेटायला उत्तरा आली. इथल्या विद्यापीठात जुन्या फर्निचरवर थीसिस करणारी पुण्याची मुलगी. माझी पाठ पाहून ती जागीच थबकली.

“काकू, सेम अशा अकरा चेअर्स मी म्युझियममध्ये स्टडी केल्यात! एकच मिसिंग आहे, तिला दोन वर्षं शोधतेय. खाली लेबल असेल बघा.”

तिने मला उलटी केली आणि कपाळाला हात लावला.

“लेबल ह्यांनीच काढलं गं,” पद्मिनीबाई ओशाळून म्हणाल्या. “मंडळात वस्तू हरवतात ना.”

“मग ह्या पेंटखाली नंबर असेल. तेवढं स्क्रेप केलं की प्रूव्ह होईल. म्युझियम लगेच घेईल हिला.”

“तिथे बसतं का कोणी हिच्यावर?”

“नाही हो काकू. पुढे दोरी लावलेली असते.”

पद्मिनीबाई स्वतःच आतून सुरी घेऊन आल्या. “शिकणारी मुलगी तू. काढ.” एवढं बोलून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सुरीचं टोक ‘साठे’वर टेकलं. ज्या घटकेची मी इतकी वाट पाहिली ती हीच, आणि मला एकदम भीती वाटली. मी हरवेन, मला परत आणायला हवं, असं इतक्या वर्षांत एकाच माणसाला वाटलं होतं.

उत्तराने खिडकीशी उभ्या काकूंकडे पाहिलं. सुरी टेबलावर ठेवली.

“राहू दे काकू. सरांना सांगते, एक मिसिंगच आहे.”

तिची दोन वर्षांची मेहनत अपुरी राहिली, ह्याचं मला वाईट वाटतं. अकराजणींची आठवणही येतेच. पण मी दमलेय हो, आता पुन्हा नुसतं उभं राहवणार नाही, तेही दोरीमागे. संध्याकाळी पद्मिनीबाई माझ्यावर बसतात, गुडघे चोळतात आणि आम्ही दोघी कुरकुरतो.

गणपतीला मला न्यायचं असेल तर खुशाल न्या. तेवढं परत आणून सोडा. कुणाची ते खाली लिहिलंय.