निवडलेले

रविवारी दुसरं गायन संपता संपता आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाचं सूप झालं. आधी तीन बाजूंच्या भिंती आत वळल्या, मग विटांच्या जागी बांबूच्या पट्ट्या आल्या, आणि जिथे मोठा दरवाजा होता तिथे नुसती उघडी कड राहिली. बाकं गेली. सव्वाशे माणसं मागच्या खोलगट बाजूला एकमेकांच्या अंगावर ढीग होऊन पडली. सूप नुकतंच शेणाने सारवलेलं असावं, कारण वास ओला होता. पाळक ओहोळसाहेब म्हणाले, "मंडळींनी बसून घ्यावं." त्यांच्या मांडीवर तेव्हा दोन माणसं बसलेली होती.

मला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला. माझा धाकटा भाऊ शांतवन नऊ वर्षांनी देवळात आला होता, आणि नेमकं आजच हे.

शांतवन गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, माझ्याच घरी राहतो. दर रविवारी मी त्याला उठवायला जायचे आणि तो तोंडावर चादर ओढून तेच म्हणायचा, "ताई, देवाने मला निवडलं असेल तर मी न येताही तरेन. निवडलं नसेल तर येऊन काय उपयोग?" पाळकसाहेब त्याला समजवायला चारदा आले. चारही वेळा चहा पिऊन गेले. आज मात्र तो आपण होऊन उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर परत झोपला असता.

सुपाने एक हलकी उसळी घेतली. गायनाचे कागद, टोप्या, एक छत्री आणि संडे स्कूलचे सेक्रेटरी, जे पहिल्यापासून हलकेच होते, कडेवरून उडून गेले. कोणी हळहळलं नाही. मग हात आला.

मनगटापर्यंतच दिसत होता. एकेक बोट बैलगाडीएवढं. नखात वाळलेली कणीक होती, बोटांची टोकं ओलसर होती आणि त्यांना कांद्याचा वास येत होता. वर, फार वर, कोणीतरी कोणाशी तरी गप्पा मारत होतं. शब्द कळत नव्हते, मधूनच हसू ऐकू यायचं. हात आपलं काम करत होता. मीसुद्धा अशीच बोलत बोलत निवडते.

पहिल्यांदा हाताने आमच्या पंच कमिटीचे अध्यक्ष पातोळे मास्तर उचलले. ते हात जोडून, हसत हसत आमच्या डोक्यांवरून गेले आणि कडेपलीकडे दिसेनासे झाले.

"निवड सुरू झाली," पाळकसाहेब ओरडले. "बंधुभगिनींनो, ज्यांना त्याने निवडलं तेच तरणार!"

यानंतर जे झालं ते सांगायची मला किळस येते. मास्तरांच्या मंडळी लीलावतीबाई तळहाताला थुंकी लावून केस चापून बसवू लागल्या. मग त्या म्हाताऱ्या हन्नाबाईंच्या खांद्यावर चक्क पाय देऊन उभ्या राहिल्या, उंच दिसावं म्हणून. हन्नाबाई खाली कण्हत होत्या. "जरा सहन करा हो," लीलावतीबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठीही प्रार्थना करते मी." आजूबाजूला सगळेच माना ताणून, दात काढून वर बघत होते. बोट आलं, लीलावतीबाईंना घेऊन गेलं. जाताना त्या लग्नाच्या फोटोत हसतात तशा हसत होत्या.

आणि मग मला आवाज आला. टण.

तो आवाज मी बावीस वर्षं ऐकते आहे. प्रीतिभोजनाचे तांदूळ मंडळीत मीच निवडते, मागच्या पायरीवर बसून. खडे डब्याच्या पत्र्याच्या झाकणात टाकते.

शांतवनने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू तांदूळ निवडतेस तेव्हा उचलतेस काय?"

"गप बस."

"सांग ना."

"खडे," मी म्हणाले. "तांदळाला कोण हात लावतं? तांदूळ राहतो."

"मग निवडलेला कोण? उचललेला, का राहिलेला?"

हे पाळकसाहेबांनी ऐकलं. "मालनबाई," ते म्हणाले, "ही स्वयंपाकघरातली भाषा झाली. इथे तारणाची गोष्ट चालली आहे."

"शब्द तोच आहे, साहेब. दुसरा शब्द आपल्याकडे नाही."

"मूळ भाषेत त्याचा अर्थ निराळा आहे."

"काय आहे?"

"आत्ता आठवत नाही," ते म्हणाले. तेवढ्यात हात पुन्हा खाली आला, आणि पाळकसाहेब कोणाला दिसू नये इतक्या बेताने हन्नाबाईंच्या पाठीमागे सरकले.

पण ते सगळ्यांना दिसलं. क्षणात ताणलेल्या माना आत गेल्या. लोक एकमेकांच्या काखेत, पदराखाली, बुटांखाली तोंडं खुपसू लागले. मघाशी जे दुसऱ्याच्या खांद्यावर चढत होते ते आता दुसऱ्याला अंगावर ओढून घेत होते. मग कोणीतरी म्हणालं, "पण मोतीसुद्धा वेचूनच घेतात," आणि अर्धे परत उभे राहिले. पुन्हा टण ऐकू आलं, ते बसले. अशी उठाबशी कितीतरी वेळ चालली होती. या माणसांबरोबर मी बावीस वर्षं प्रभुभोजन घेतलं, एकाच प्याल्याला ओठ लावले. मी ओठ पदराने पुसले.

ढीग कमी होत चालला तशा बांबूच्या भिंती जवळ आल्या. सगळ्यांची कातडी घट्ट, पांढरी आणि गुळगुळीत होत होती. हन्नाबाईंचा गाल मी चाचपून पाहिला, नखाने टकटक वाजला. शांतवनचा हात तेवढा खरखरीत होता. मी पुन्हा पुन्हा हात फिरवून पाहिला, खरखरीतच. माझा स्वतःचा हात गुळगुळीत की खरखरीत, ते मात्र मला कळेना.

"मी खडा आहे ना?" तो म्हणाला.

"साळ असशील."

"म्हणजे?"

"टरफलासकट राहिलेला दाणा. तोही हाताला लागतो. पण मी तो टाकत नाही. नखाने सोलते आणि परत सुपात ठेवते."

"नेहमी?"

गप्पा रंगल्या असल्या की साळही खड्यांबरोबर झाकणात जाते. कोण एवढं बघतं?

"मला झोपू द्यायचं होतंस," शांतवन म्हणाला. "चादरीत होतो ते काय वाईट होतं?"

"आज मी तुला उठवलं नव्हतं. तू आपण होऊन आलास."

"तेच मला कळत नाही," तो म्हणाला. "सकाळी डोळे उघडले तेव्हा मी उभाच होतो. दाढीचा साबण तोंडाला लागलेला होता."

माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं मी ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते हे, आणि त्यातही त्याचा हात नव्हता म्हणे. मला त्याची किळस आली, साबणाच्या वासाची किळस आली, वरच्या त्या हसण्याची तर सगळ्यांत जास्त. पण तो माझा भाऊ होता. तो झाकणात जाता कामा नये, एवढंच मला कळत होतं. मी ओरडले, "अहो वरचे! जरा इकडे बघून निवडा!"

वरच्या गप्पा थांबल्या नाहीत.

बोट आलं. ते आम्हा दोघांच्या मध्ये टेकलं, आणि त्या चिकट ओलीत त्याची बाही आणि माझा पदर एकदमच अडकला. कोणाला उचलायचं होतं ते बोटालाही ठाऊक नसावं. आम्ही वर गेलो. खाली सूप हातरुमालाएवढं दिसू लागलं, त्यात पाळकसाहेब कोणाच्या तरी पोटाखाली शिरत होते. शांतवनची बाही टरटर फाटली, तो घसरला आणि मी त्याचा हात पकडला. आता तो नुसता माझ्या हातावर लोंबकळत होता.

आम्ही अजून सुपाच्या वरच होतो. आत्ता सोडला तर तो तांदळात पडेल. मी खडा असेन तर त्याने माझ्याबरोबर येऊ नये. पण उचललेलेच तरणार असतील तर सोडणं म्हणजे मी माझ्या हाताने त्याला टाकणं. कड जवळ येत होती. पलीकडे पत्रा चमकत होता, की प्रकाश होता, मला ओळखता येईना.

"ताई," शांतवन शांतपणे म्हणाला, "सोड मला."

मी बोटं उघडली. तो पडला नाही. मी खाली पाहिलं, तर त्याने माझं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.