हाकारा आणि वणवा

मनोजच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, पंख्याच्या बटणाखाली, अजेयच्या नाकातलं रक्त अजून होतं. मनोजनं त्यावर रंग मारून पाहिला, पण रंग स्वस्तातला, डाग पुन्हा वर आलाच. पहिल्यांदा येणाऱ्या पोरांना तो डाग कौतुकानं दाखवायचा. ठोसा तिथे बसला आणि रक्त इथवर उडालं, असं हातवारे करून सांगायचा.

दुकान भिसेगावात. खाली मोबाइलची कव्हरं आणि चार्जर, वर पोटमाळ्यावर टेबलं. दर रविवारी दुपारी तिथे ‘श्वापदयुद्ध’ चालायचं. बंद पाकिटातून चित्रांची कार्डं घ्यायची, त्यातून आपापला डेक जुळवायचा आणि समोरासमोर बसून एकमेकांची जनावरं फाडायची. सुरुवातीला प्रत्येकाला वीस प्राण. ज्याचे आधी संपले तो मेला. हरला असं तिथे कुणी म्हणत नसे, मेलाच म्हणत.

ठोसा मारणारा नवीन कोंडाण्याचा. खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात फिटर. अंगानं दांडगा, मनानं निर्मळ, पण राग असा नाकाच्या शेंड्यावर की शिंक आली तरी बाहेर पडावा. शाळेत असल्यापासून त्याचा हात आधी उठायचा आणि डोकं मागून धापा टाकत यायचं. अजेय कर्जतच्या जुन्या वकील घराण्यातला. त्याला हात उचलायची कधी गरजच पडली नव्हती. तो नुसतं बोलायचा, हळू आवाजात, आणि समोरच्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी भांडण पेटलं ते गव्यावरून. नवीनकडे गव्याचं चमकतं कार्ड होतं, बारा ताकदीचं, पंचक्रोशीत कुणाकडे नव्हतं. चमकत्या कार्डांची एक खोड असते. आपल्याकडच्या दमट हवेत कागद फुगतो, वरचा चमकता पापुद्रा फुगत नाही, आणि कार्ड वाकतं. नवीनची आई भाताचं बी नेहमी चुलीवरच्या फळीवर ठेवायची, ओल लागू नये म्हणून. नवीनला वाटलं, बियाला जे चालतं ते गव्यालाही चालेल. पावसाळाभर गवा चुलीवर राहिला आणि पापडासारखा उलट्या बाजूला वळला. वर धुराचा वास लागला तो वेगळाच.

डेकमध्ये वाकडं कार्ड असलं की वरूनच कळतं, आता गवा येणार. अजेयनं सगळ्यांसमोर ते उचललं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, “खूण केलीय यानं. डोळे मिटूनसुद्धा ओळखता येईल. चुलीचा वास येतोय.”

पोरं हसली. पुढचं नवीनला नीट आठवत नाही. हाताच्या हाडांना काहीतरी मऊ लागलं आणि मोडलं, एवढं आठवतं. अजेय खुर्चीसकट मागे पडला. नवीन त्याच्या छाताडावर बसला आणि मारत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. मनोजनं मागून गळ्यात हात घालून ओढलं तेव्हा अजेयचा एक दात टेबलाखाली पडला होता.

मग पोलीस आले, तहसील कचेरी आली, चॅप्टर केस झाली. वर्षभर चांगलं वागेन, कुणावर हात उचलणार नाही, असं नवीननं लिहून दिलं. हात उचलला तर सरळ आत. त्याला जामीन राहिली त्याची थोरली बहीण आरोही, शेलूच्या शाळेतली शिक्षिका. कचेरीत अजेयच्या वडिलांसमोर मान खाली घालून तिनं सही केली. येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, “नव्या, आता परत हात उठला ना, तर तू आत जाशील आणि मी बाहेर असून मेल्यासारखी. ध्यानात ठेव.”

नवीनच्या ते मनाला लागलं. मारामारीची लाज त्याला कधी वाटली नव्हती, त्या सहीची वाटली.

खेळ मात्र सुटेना. लबाड म्हणवून घेऊन तो गप्प बसणारा नव्हता. तो घरीच आरोहीबरोबर खेळू लागला. आरोहीला त्या कार्डांचा मनस्वी कंटाळा, पण भाऊ बाहेर जाऊन डोकी फोडण्यापेक्षा घरात बसलेला बरा, म्हणून ती अजेय व्हायची. अजेयचा कॉम्बो तिनं पाठ केला होता. दोनच कार्डं. एक ‘निवडुंगाचं कुंपण’. जो प्राणी जितक्या जोरात त्यावर धडकेल, तितका घाव त्या प्राण्याच्या मालकाला. आणि दुसरं ‘हाकारा’. शिकारीत रान उठवायला हाकारे घालतात, तसं. हाकारा पडला की समोरच्याची सगळी श्वापदं धावत सुटलीच पाहिजेत, मालकाची इच्छा असो वा नसो. एकेकटी ही कार्डं काही कामाची नाहीत. जोडीनं आली की कसाईखाना. जितका तुमचा प्राणी मोठा, तितके तुम्ही लवकर मेलात. गव्यामुळे नवीन तर हटकून मरायचा.

एकदा आरोही वैतागून म्हणाली, “त्याला तुजा गवाच पायजे ना? मग गवाच नसला तर तो काय करंल?”

“गवा काढू डेकमधून?”

“काढू नको. ऐन वेळेला मार तूच.”

नवीनला वाटलं, हिला खेळ कळत नाही. स्वतःचं जनावर कोण मारतं? पण रात्रपाळीहून येताना बसमध्ये तो त्यावरच विचार करत राहिला आणि खोपोली यायच्या आत त्याला दोन कार्डं आठवली. एक ‘वणवा’. ते कधीही टाकता येतं, दुसऱ्याच्या डावातसुद्धा, आणि टेबलावरची सगळी श्वापदं जाळून टाकतं, आधी आपली. दुसरं ‘राख’. आपलं जितक्या ताकदीचं जनावर जळालं, तितके प्राण समोरच्याचे जातात. दोन्ही कार्डं पाकिटापाकिटात निघायची. पोरं ती चहाच्या कपाखाली ठेवायची, कारण स्वतःचं घर पेटवायची हौस कुणाला असणार?

भादव्यात मनोजनं त्याला पुन्हा येऊ दिलं. “वर्ष सरत आलंय. पण हात खिशात ठेवायचा,” असं बजावून. आता मनोजचा नियमही होता, सामन्याआधी दोघांचे डेक जाड काचेखाली दाबून ठेवायचे, म्हणजे वाकड्या कार्डाची तक्रार नको. नवीननं एकामागून एक पोरं मारली आणि अंतिम सामन्याला समोर अजेय आला. नाकाचं हाड थोडं तिरकं राहिलं होतं. दात नवा होता, बाकीच्यांपेक्षा पांढरा.

“गवा आणलायस ना?” अजेयनं विचारलं. “मघापासून वास येतोय.”

नवीननं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि बसला.

डाव रक्तबंबाळ झाला. अजेयच्या लांडग्यांनी नवीनची रानडुकरं फाडली. नवीनच्या अजगरानं ते लांडगे गिळले, आणि अजेयनं भाला टाकून अजगर उभा चिरला. तासाभरात टेबल मोकळं झालं. नवीनचे नऊ प्राण उरले, अजेयचे अकरा. अजेयनं निवडुंगाचं कुंपण मांडलं आणि मागे रेलून बसला. हातातल्या एका कार्डावर त्याचा अंगठा सारखा फिरत होता. तो हाकारा होता, हे सगळ्या पोटमाळ्याला कळलं.

नवीननं गवा खाली ठेवला.

“मेला हा,” मागून कुणीतरी म्हणालं. मनोजनं कपाळाला हात लावला.

अजेय हसला. “शिकवून शिकत नाहीत रे काही काही लोक.” आणि त्यानं हाकारा टाकला.

गवा सुटला. बारा ताकदीचा तो डोंगर काट्यांकडे निघाला. तो धडकला की नवीनचे नऊच्या नऊ प्राण जाणार. त्यानं आधी वणवा टाकला. गवा कुंपणाच्या अलीकडेच पेटला आणि मेला. अजेयला क्षणभर वाटलं, घाबरून जाळला. मग नवीननं त्यावर राख ठेवली आणि बोट टेकवून म्हणाला, “बारा. तुजे अकरा हायेत.”

मनोजनं दोन्ही कार्डं वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, “मेलास, अजेय.”

मग एकच गिल्ला झाला. पोरांनी नवीनला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि त्याला रडू येत होतं. लबाड नाही, हे सिद्ध झालं होतं. त्यानं कार्डं गोळा केली आणि आरोहीला फोन लावायला जिना उतरून खाली आला.

अजेय त्याच्या मागोमाग उतरला, आणि मनोजसकट बाकीची पोरंही. बरोबर एक मित्र होता, त्याच्या हातात मोबाइल, छातीशी धरलेला, कॅमेरा समोर. दुकानाच्या खांबाला टेकून अजेय उभा राहिला. गव्याचं कार्ड टेबलावरच राहिलं होतं, ते त्याच्या हातात होतं.

“हे विसरलास,” तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत ते मधोमध दुमडलं. चमकता पापुद्रा तडकला. “वास तसाच आहे पण. बाबा सांगत होते, त्या दिवशी कचेरीत तुझी बहीण शेजारी येऊन उभी राहिली, तिलाही हाच वास येत होता. रुमाल लावावा लागला त्यांना. पाया पडत होती म्हणे. अजून कशाकशाला तयार झाली असती, कुणास ठाऊक.”

नवीनचा हात वर गेला.

मोबाइल थोडा पुढे सरकला, नीट दिसावं म्हणून. अजेयनं तोंड चुकवलं नाही, उलट हनुवटी पुढे केली. आणि नवीनला, आयुष्यात पहिल्यांदा, हात खाली यायच्या आधी कळलं. हा हाकारा आहे. तो मोबाइल कुंपण आहे, आणि गवा मी आहे.

पण कळून हात थोडाच थांबतो? उगारलेला हात रिकामा खाली घेणं त्याला या जन्मात जमलं नव्हतं. सगळं बळ खांद्यात येऊन थांबलं होतं, ते कुठेतरी जायलाच हवं होतं. नवीननं ठोसा मारला तो अजेयच्या कानाशेजारी, सिमेंटच्या खांबावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानं पुन्हा मारला. मग पुन्हा. खांबावर कातडं राहिलं. प्रत्येक ठोशाबरोबर रक्त उडत होतं आणि अजेयच्या गालावर, डोळ्यांवर, त्या पांढऱ्या दातावर पडत होतं. अजेय खांबाला घसटत खाली बसला आणि किंचाळू लागला, “मारलं मला, मारलं.” नवीन मारतच राहिला, खांबाला, जोवर मूठ मूठ राहिली नाही. मग तो पायरीवर बसला आणि ओकला.

अजेय तसाच रक्तानं माखलेला चौकीवर धावत गेला. मागून मनोज गेला, मित्राच्या हातातला मोबाइल हिसकावून. हवालदारानं ओल्या फडक्यानं अजेयचा चेहरा पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला, कान उलटून पाहिले. एक ओरखडासुद्धा नव्हता. मोबाइलवरचं सगळं पाहून झाल्यावर हवालदार म्हणाला, “खांबाची तक्रार लिहून घेऊ का?”

तिकडे आरोही, सामन्याच्या काळजीनं आधीच घरून निघालेली, दुकानापाशी पोरांनी बोट दाखवलं तशी दवाखान्यात पोचली होती. वाटेत तिला चौकीकडे जाणारा अजेय दिसला होता, लालभडक तोंडाचा. तिनं कुणाला काही विचारलं नाही. बाकावर बसलेल्या नवीनसमोर जाऊन तिनं त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग दुसऱ्या बाजूला. “केलंस तू. शेवटी केलंसच,” ती म्हणाली.

“नाय केलं, ताय.”

“मी बगितलं त्याचं तोंड.”

नवीननं शर्टात गुंडाळलेला हात वर केला आणि शर्ट सोडला. बोटं नको त्या दिशांना गेली होती. आतलं पांढरं दिसत होतं.

“रगत माजं होतं,” तो म्हणाला. “त्याला गवा पायजे होता. मीच मारला.”

ज्या गालावर आधी मारलं होतं तिथेच आरोहीनं तळवा ठेवला आणि काढेचना.

डॉक्टरांनी फोटो काढले, तारा घातल्या आणि बाहेर येऊन दोघांना समजावून सांगितलं. हाड जुळेल. कामावर जाता येईल, पण वेळ लागेल. मधली दोन बोटं मात्र आता कायम ताठ राहतील. या हाताची मूठ पुन्हा वळणार नाही.

नवीन मान खाली घालून ऐकत होता. कार्डं धरता येतील का, एवढंच त्यानं हळूच विचारलं. येतील, डॉक्टर म्हणाले.

कचेरीत टिपूस न गाळलेली आरोही तेव्हा रडली, भिंतीकडे तोंड करून, भरपूर. मग पदरानं डोळे पुसून त्याच्याजवळ बसली.

“बरं झालं रं,” ती म्हणाली. “रात्री नीज यायची नाय तवा मी रोज हेच मागत होते देवाजवळ, तुजी मूठ वळू नये म्हणून.”